मालदीव: स्वच्छ निळ्या पाण्यामागचा हिशेब

मुंबईहून थेट विमान, पोहोचल्यावर मोफत व्हिसा, वर हलाल जेवणाची चिंता नाही. आपल्याकडच्या नव्या जोडप्यांच्या यादीत मालदीव हमखास असतं. पण जेमतेम पाच लाख लोकसंख्येच्या या देशात २०२४ मध्ये वीस लाखांहून जास्त पर्यटक आले. एवढ्यांचं पाणी, जेवण, कचरा यांचं काय होतं?

१९७२ मध्ये तिथे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं. धोरण असं की रिसॉर्ट निर्जन बेटांवर आणि गावकऱ्यांची बेटं वेगळी. दारू, बिकिनी रिसॉर्टवर. गावात मशीद, शाळा, मासेमारी. संस्कृती जपली गेली, पण पैसाही रिसॉर्टच्या आतच फिरत राहिला. २००९ च्या सुमारास गावाच्या बेटांवर गेस्टहाऊसला परवानगी मिळाली आणि चित्र बदललं. माफुशीसारख्या बेटावर आज स्थानिक कुटुंबं खोल्या भाड्याने देतात, बोटी चालवतात. कागदी स्ट्रॉपेक्षा हा बदल मला जास्त ‘जबाबदार’ वाटतो. दारूबंदी तिथे आजही आहे, पोहण्यासाठी वेगळा किनारा आखून दिलाय.

अडचण जागेची आहे. गोडं पाणी बहुतेक समुद्राचं खारं पाणी शुद्ध करून मिळतं आणि त्यासाठी डिझेल जळतं. डिसेंबर २०१४ मध्ये मालेच्या पाणी प्रकल्पाला आग लागली, तेव्हा भारताने विमानं आणि जहाजांनी पाणी पाठवलं होतं. कचऱ्यासाठी तर राजधानीजवळ थिलाफुशी हे अख्खं बेट भर टाकून बनलं. वर्षानुवर्षं तिथे धूर निघत होता.

सरकार गप्प बसलेलं नाही. २०१० मध्ये शार्कच्या शिकारीवर बंदी घालण्यात आली. मांटा माशांसाठी प्रसिद्ध हनीफारू खाडीत स्कूबा चालत नाही, फक्त वरून पोहत बघायचं. २०१५ पासून हरित कर आहे. जानेवारी २०२५ पासून तो दुप्पट झाला. रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर, छोट्या गेस्टहाऊसमध्ये ६. बुकिंग करताना हा कर धरलाय का, हे आधीच विचारून घ्या, नाहीतर चार जणांच्या कुटुंबाचं बजेट कोलमडतं!

पण एका हाताने कर घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने समुद्र उपसायचा, हेही चालूच आहे. अड्डू हे दक्षिणेकडचं प्रवाळक्षेत्र २०२० मध्ये युनेस्कोच्या जैवावरण राखीव यादीत आलं. त्यानंतर काही वर्षांतच तिथल्या खाजणातली वाळू उपसून नवी जमीन तयार झाली, रिसॉर्टसाठीही जागा धरली गेली. स्थानिक पर्यावरणवाद्यांनी प्रवाळ आणि मासे गाडले जाण्याची भीती बोलून दाखवली होती. या प्रकल्पाला कर्ज भारताने दिलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये आपले परराष्ट्रमंत्री त्याच्या हस्तांतरणाला हजर होते.