एक रेघ, दोन रेघा आणि आपली भीती



एका संध्याकाळी एक तरुण माझ्या दारात आला. घरात शेजारच्या बाया बसल्या होत्या, म्हणून तो उगीच पाणी मागून पीत राहिला. सगळ्या गेल्यावर त्याने रुमालात गुंडाळलेली प्लास्टिकची एक पट्टी काढली. “ताई, एकच रेघ आलीय. म्हणजे सुटलो ना?” परदेशात कामाला असलेल्या मित्राने त्याला एचआयव्हीची घरच्या घरी करायची तोंडाची तपासणी आणून दिली होती. मी विचारलं, “जोखीम कधी झाली होती?” तो म्हणाला, “तीन आठवडे झाले.” (त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मला त्याला सांगावं लागलं, की पट्टी खोटं बोलत नव्हती, पण तिला काही कळायची वेळच अजून आली नव्हती.

ही पट्टी विषाणू शोधत नाही. विषाणूशी लढायला आपलं शरीर जी प्रतिपिंडं तयार करतं, ती ही पट्टी हिरड्यांजवळच्या ओलाव्यात शोधते. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून शेवटच्या जोखमीनंतर पूर्ण तीन महिने झाल्याशिवाय या तपासणीच्या ‘नाही’वर विसंबू नये. आणि ओघाने सांगते, थुंकीतून एचआयव्ही पसरत नाही. उष्ट्या पेल्याची भीती आजही आपल्या घरांत आहे, ती काढून टाका.

आता अचूकतेचं बोलू. अमेरिकेत जुलै २०१२ मध्ये ‘ओराक्विक’ या घरगुती तपासणीला सरकारी मंजुरी मिळाली. तेव्हाच्या अभ्यासात असं दिसलं, की सामान्य माणसाने स्वतः तपासणी केली तर लागण असलेल्या दर १२ जणांपैकी साधारण एकाला ती चुकून ‘नाही’ सांगते. लागण नसलेल्या ५,००० जणांपैकी साधारण एकाला चुकून ‘आहे’ सांगते.

हिशोब मांडून बघा. समजा १०,००० लोकांची तपासणी झाली आणि त्यांतल्या ५० जणांना लागण आहे. पट्टी त्यांतल्या ४६ जणांना ओळखेल आणि चौघे सुटतील. उरलेल्या ९,९५० निरोगी लोकांपैकी दोघांना विनाकारण दोन रेघा दिसतील. चांगली तपासणी आहे ही. पण सुटलेल्या चौघांनी ‘मी मोकळा’ म्हणून पुन्हा कधी तपासलंच नाही, तर नुकसान त्यांचं आणि त्यांच्या जोडीदाराचं. आणि चुकून दोन रेघा आलेल्या दोघांपैकी एखाद्याने त्याच रात्री जिवाचं बरंवाईट केलं, तर दोष कुणाला देणार?

म्हणून माझं मत सरळ आहे. ही तपासणी म्हणजे दार आहे, निकालपत्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्वतपासणीची शिफारस केली, तेव्हाही हेच सांगितलं, की दोन रेघा आल्या तर पुढची पक्की तपासणी केंद्रातच व्हायला हवी. आपल्या सरकारी आयसीटीसी केंद्रात रक्ताची तपासणी मोफत होते. पहिल्या तपासणीत लागण दिसली तर वेगवेगळ्या आणखी तपासण्या करूनच पक्कं सांगतात. तिथे पट्टीपेक्षा अधिक भरवशाचं उत्तर मिळतं, आणि बोलायला समुपदेशक असतो.

कुणाकडे अशी पट्टी असेलच, तर एवढं पाळा. मुदत संपलेली वापरू नका. आधी १५ मिनिटं काही खाऊ-पिऊ नका. दात घासणं, चूळ भरायचं औषध हे अर्धा तास आधीच उरका. मिश्री लावणाऱ्या बायांनीही हेच धरावं. वरच्या आणि खालच्या हिरडीवरून पट्टी एकेकदाच फिरवा. वीस मिनिटं झाल्यावर आणि चाळीस मिनिटं व्हायच्या आत निकाल वाचा. ‘सी’जवळची रेघ आलीच नाही तर तपासणी वाया गेली, तिचा अर्थ लावू नका. ज्यांची एचआयव्हीची औषधं चालू आहेत त्यांनी ही तपासणी करूच नये, चुकून ‘नाही’ दिसू शकतं.

ती वीस मिनिटं फार लांब असतात. रात्री एकट्याने करू नका. सकाळी करा, विश्वासाचं एक माणूस जवळ ठेवा. दोन रेघा आल्या तर कुठल्या केंद्रात जायचं ते आधीच ठरवा. राष्ट्रीय हेल्पलाइन १०९७ मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही. आणि जोखीम कालपरवाच झाली असेल तर पट्टी शोधत बसू नका. ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठा, लागण टाळायची औषधं मिळतात. जितक्या लवकर जाल तितकं बरं.

पण खरं सांगू? आपल्या माणसांना सुईची भीती नाही, शेजाऱ्यांची आहे. ती भीती उगीच नाही. मी नर्स होते तेव्हा एका वॉर्डात अशा रुग्णांच्या फायलीवर लाल शाईची मोठी खूण असायची. झाडणाऱ्यापासून डबा आणणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ती कळायची. मी ती रोज बघितली आणि गप्प राहिले. त्याची लाज मला आजही वाटते. आता २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे. संमतीशिवाय तपासणी करणं, निकाल फोडणं, नोकरी किंवा उपचार नाकारणं हे सगळं त्याच्या विरुद्ध आहे. पण आपण गप्प राहिलो तर कायदाही फायलीतच राहतो.

याच कारणासाठी घरगुती पट्टीची मला एक धास्ती वाटते. लग्न ठरताना सासरच्यांनी मुलीपुढे ती धरायची, किंवा नवऱ्याने बायकोवर संशय घेऊन “घे, तोंडात घाल” म्हणायचं. ही तपासणी नव्हे, ही जबरदस्ती. तपासणी आपल्या मर्जीने. तिचा निकालही आपलाच.

आजार कळला म्हणजे सगळं संपलं, हे दिवस गेले. २००४ पासून सरकार मोफत औषधं देतं. रोज नियमाने औषध घेऊन रक्तातला विषाणू दबून राहिला, तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. आईने वेळेत औषध घेतलं तर बाळाला लागण होण्याची शक्यता फार कमी होते. हे आपल्या महिला मंडळाच्या बैठकीत मोठ्याने बोललं गेलं पाहिजे. आणि केंद्राच्या वेळा रोजंदारीवर जाणाऱ्यांना जमतील अशा हव्यात, ही मागणी आपण नगरसेवकाकडे केली पाहिजे.

त्या तरुणाला घेऊन मी दुसऱ्या दिवशी केंद्रात गेले. तीन महिने झाल्यावर तो पुन्हा गेला, या वेळी एकटा, ताठ मानेने. निकाल काय आला? ते मी सांगणार नाही. तो निकाल त्याचा आहे.