उदकमेहाच्या नावापाशी थांबू नये

मुंबई-पुण्यात फुफ्फुसाच्या कर्करोगावर उपचार घेऊन कामशेत परिसरातील आपल्या गावी परतलेला रुग्ण पुढील तक्रारींसाठी पुष्कळदा जवळच्या वैद्याकडेच येतो. अशा रुग्णास एकाएकी न शमणारी तहान लागली, पाण्यासारखी स्वच्छ, गंधहीन लघवी रात्रंदिवस होऊ लागली आणि तीत साखर नसली, तर आपणांस उदकमेहाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. लक्षणे जुळतात, परंतु तेवढ्याने निदान पूर्ण होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फुफ्फुसाचा कर्करोग क्वचित पिट्युटरी म्हणजे पीयूष ग्रंथीत पसरतो. ग्रंथीच्या मागील भागास धमनीतून थेट रक्त मिळत असल्याने बहुधा तोच आधी ग्रासला जातो. मग शरीरात पाणी राखणारे व्हॅसोप्रेसिन कमी पडते आणि दिवसाला ३ लिटरहून अधिक लघवी होते. कफज प्रमेह समजून अशा रुग्णाचे पाणी तोडले, लंघन दिले, तर रक्तातील सोडियम वाढून तो बेशुद्ध होऊ शकतो. सुश्रुतोक्त पारिजात कषाय येथे डेस्मोप्रेसिनची जागा घेऊ शकत नाही.

ग्रंथीचा पुढील भाग बाधित झाल्यास कॉर्टिसोल घटते. ग्लानी, अरुची, छर्दी, घसरलेला रक्तदाब ही लक्षणे धातुक्षयाची किंवा केमोथेरपीची म्हणून सहज दुर्लक्षिली जातात. शिवाय कॉर्टिसोलच्या अभावी बहुमूत्रता झाकलेली राहते आणि स्टिरॉइड सुरू होताच उघडी पडते. तो औषधाचा अपाय मानून स्टिरॉइड बंद करविणे रुग्णाच्या प्राणावर बेतेल. थायरॉइडचे औषधही कॉर्टिसोलची भरपाई झाल्यावरच द्यावयाचे असते.

नावाने होणारी फसगत केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. डायबिटीस इन्सिपिडस हे नाव मधुमेहाशी गल्लत घडवून रुग्णांना धोक्यात आणते, म्हणून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ते बदलून व्हॅसोप्रेसिनची कमतरता असे सुचविले.

वैद्यबंधूंनी अशा रुग्णाची २४ तासांची लघवी मोजावी, दृष्टी मंदावली आहे का हे विचारावे, आणि सोडियम, कॉर्टिसोल व एमआरआय तपासणीसाठी चिठ्ठी देऊन त्यास त्वरित कर्करोगतज्ज्ञाकडे पाठवावे. तोवर पाणी तोडू नये, चालू औषध थांबवू नये. वेळीच पाठवणी करणे हेही चिकित्सकाचे कर्तव्यच आहे. त्यात शास्त्राचा कमीपणा नाही.