भय आणि किळस : एका पिशाच-चित्रकादंबरीच्या निमित्ताने

रक्तपिपासू पिशाचांची एखादी इंग्रजी चित्रकादंबरी घरातल्या तरुण मुलाच्या हाती दिसली की आमच्या नाशकातील सुशिक्षित कुटुंबांत जो वाद उसळतो, त्यात दोनच प्रकारची मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, हे वाङ्मय नव्हे, विष आहे. धाकटी मंडळी म्हणतात, झकास आहे, रात्रभर झोप लागली नाही. पहिल्या पक्षाने पुस्तक बहुधा वाचलेले नसते. दुसऱ्या पक्षाने ते वाचलेले असते, परंतु झोप का लागली नाही याचा विचार करण्याची तसदी त्याने घेतलेली नसते. यांपैकी एकासही ग्रंथावरील मत म्हणण्याची आमची तयारी नाही. एक घृणेचा उद्गार आहे, दुसरा दचकण्याचा.

मोघम बोलणे नको म्हणून एक पुस्तक समोर ठेवू. 'थर्टी डेज ऑफ नाइट', म्हणजे 'तीस दिवसांची रात्र', ही स्टीव्ह नाइल्स यांनी लिहिलेली आणि ऑस्ट्रेलियन चित्रकार बेन टेम्पलस्मिथ यांनी रंगविलेली चित्रकथा २००२ साली प्रथम तीन अंकांत प्रसिद्ध झाली. स्थळ अलास्काच्या उत्तर टोकावरील बॅरो हे गाव. २०१६ पासून ते उत्कियाग्विक या आपल्या मूळ नावाने ओळखले जाते. तेथे हिवाळ्यात सूर्य मावळतो तो दोन महिन्यांच्या सुमारास पुन्हा उगवतो. लेखकाने त्याचे तीस दिवस केले आहेत, आणि एवढी सवलत कथाकारास देण्यास हरकत नाही. ज्यांस सूर्यप्रकाश मारक, अशा पिशाचांनी महिनाभर सूर्यच नसलेले गाव भक्ष्य म्हणून हेरावे, ही कल्पना इतकी साधी आणि इतकी चपखल आहे की ती आधी कोणास कशी सुचली नाही याचे नवल वाटते.

वडीलधाऱ्यांचा पहिला आक्षेप असा की हे सगळे परके आहे, आपल्या संस्कारांत असले काही नव्हते. हा आक्षेप इतर कोणत्याही गावाने घेतला असता तर एक वेळ चालले असते. नाशिककरांनी तो घ्यावा ही गंमत आहे. ज्या नगरीच्या नावाची उपपत्ती एका राक्षसीच्या कापलेल्या नाकाशी जोडली जाते, ज्या पंचवटीत ती कथा येणाऱ्याजाणाऱ्या यात्रेकरूस आणि त्याच्या बोटास धरलेल्या पोरास सांगितली जाते, तेथे भयकथा परकी कशी? सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. मराठी छपाई अजून बाल्यावस्थेत होती त्या काळी, १८३० च्या सुमारास, सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' निघाली. रिचर्ड बर्टन याने १८७० साली याच कथा इंग्रजीत नेल्या तेव्हा मथळ्यात वेताळासाठी 'व्हँपायर' हाच शब्द योजिला. म्हणजे ज्या शब्दाने आमचे पालक आज दचकतात, त्या शब्दाने साहेबाने आमच्याच वेताळाची इंग्रज वाचकाशी ओळख करून दिली होती! वेंगुर्ल्याकडील आरवलीचा वेतोबा तर देव होऊन बसला आहे. भाविक त्यास भल्याथोरल्या चपला वाहतात. आणि याच पालकांच्या लहानपणी 'चांदोबा' मासिकात चित्रकार शंकर यांच्या कुंचल्यातून उतरलेला विक्रम राजा, उपसलेली तलवार हाती, खांद्यावर प्रेत घेऊन दरमहा स्मशानातून चालत असे. स्मशान, प्रेत, प्रेतात शिरलेले पिशाच, आणि तेही सचित्र! ते वाचून कोणाची अभिरुची बिघडल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. अशी चित्रे कोवळ्या मनास बिघडवितात, असे म्हणतात. या समजुतीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९५४ च्या सप्टेंबरात ग्लासगो शहरातील गॉर्बल्स वस्तीची शेकडो मुले काठ्या आणि सुऱ्या घेऊन एका दफनभूमीत शिरली. लोखंडी दातांच्या सात फुटी पिशाचाने दोन मुले खाल्ली आहेत आणि त्याचा नाश केला पाहिजे, अशी त्यांची खात्री झाली होती. दोष तत्काळ अमेरिकन चित्रपुस्तिकांच्या माथी मारण्यात आला. पुढे अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा असे लोखंडी दातांचे पिशाच त्या काळच्या एकाही चित्रपुस्तिकेत सापडले नाही. लोखंडी दात सापडले ते बायबलातील दानिएलाच्या दृष्टांतात आणि शाळेत मुलांस शिकविल्या जाणाऱ्या एका जुन्या स्कॉच कवितेत! पण तोवर कायदा होऊन गेला होता. १९५५ साली ब्रिटिश पार्लमेंटाने मुलांस अपायकारक प्रकाशनांविरुद्ध कायदा केला, आणि पुढच्याच वर्षी, १९५६ साली, आमच्या संसदेनेही त्याच धर्तीचा कायदा संमत केला. अमेरिकेत याच सुमारास डॉ. फ्रेडरिक वर्टम यांच्या ग्रंथाने रान उठविले होते. तेथील प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीत पिशाचास सपशेल मज्जाव झाला, तो १९७१ साली सैल झाला. ज्या वर्टम यांच्या पुराव्यावर ही इमारत उभी होती, त्यांनी आपल्या रुग्णांच्या हकिगतींत फेरफार केले होते, हे कॅरोल टिली या विदुषीने त्यांची कागदपत्रे तपासून २०१२ च्या सुमारास उघडकीस आणले.

आमच्या १९५६ च्या कायद्यातील एक शब्दयोजना मात्र मनन करण्याजोगी आहे. अपायकारक पुस्तकाच्या व्याख्येत 'किळसवाण्या किंवा भयंकर' प्रसंगांचा उल्लेख एकाच दमात येतो. या 'किंवा'तच सर्व घोटाळा आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हे दोन पदार्थ वेगळे काढले होते. भय हा स्थायीभाव, त्यापासून भयानक रस; जुगुप्सा हा स्थायीभाव, त्यापासून बीभत्स. ज्या देशाच्या साहित्यशास्त्रात हा भेद इतका जुना आहे, त्या देशाच्या वाचकांनी आज पुस्तक वाचून 'शी!' आणि 'बापरे!' यांत फरक करू नये?

विदर्भातील पद्मपुराचा भवभूती पाहा. 'मालतीमाधवा'च्या पाचव्या अंकात नायक माधव नरमांस विकावयास स्मशानात हिंडतो, भोवती पिशाचांचे थवे, आणि त्यांच्या आहाराचे वर्णन असे की जेवणाआधी वाचू नये. परंतु भवभूती तेथेच थांबत नाही. त्या अंधारातून एका मुलीचा आक्रोश ऐकू येतो. अघोरघंट कापालिक मालतीस बळी देण्याच्या तयारीत असतो. किळस ही तेथे भयाची दासी आहे. आमचे पदवीधर हा अंक संस्कृतच्या वर्गात गंभीर चेहऱ्याने वाचतात, त्यातील रसपरिपोषावर प्रश्नोत्तरे लिहितात, आणि घरी येऊन मुलाच्या हातातील चित्रकादंबरी ओढून घेतात.

हाच निकष त्या बॅरोच्या कथेस लावू. तिचा आरंभ खऱ्या भयाचा आहे. गावातील चोरीस गेलेले मोबाइल फोन बर्फात जाळून टाकलेले सापडतात. अजून रक्ताचा थेंब सांडलेला नाही, पण जगाशी असलेला धागा कोणी तरी तोडला आहे आणि रात्र महिन्याची आहे, एवढे कळते आणि अंगावर काटा येतो. टेम्पलस्मिथ यांची चित्रे येथे फार उपयोगी पडतात. ती धूसर, ओरखडल्यासारखी, रंग पाण्यात विरघळल्यासारखी आहेत. चित्रामुळे कल्पनेस वाव राहत नाही असे म्हणणाऱ्यांनी ती अवश्य पाहावीत. दोन चौकटींमधील कोऱ्या पट्टीत जे घडते ते वाचकासच घडवावे लागते. मधला भाग मात्र आम्हांस निकृष्ट वाटला. हल्ला झाला, माणसे मेली, आणखी माणसे मेली. ज्यांची ओळखही झालेली नाही त्यांच्या मरणाचे भय कोणास वाटणार? तेथे लेखकाने भयाचे काम किळसेकडे सोपविले आहे आणि किळस ते करू शकत नाही. शेवट पुन्हा उभारी घेतो. गावाचा पोलीस अधिकारी एबेन उरलेल्यांच्या रक्षणासाठी पिशाचाचे रक्त जाणूनबुजून आपल्या अंगात टोचून घेतो, स्वतः पिशाच होऊन त्यांच्या म्होरक्यास मारतो, आणि महिन्याने सूर्य उगवतो तेव्हा पत्नी स्टेला हिच्या शेजारी बसून त्या प्रकाशात राख होतो. ही घटना कोणत्याही भाषेतील शोकांतिकेस शोभावी. पुस्तक वाचून 'बारा माणसांची मुंडकी उडाली' एवढेच सांगणाऱ्या तरुणांनी हे पान वाचले नाही, नुसते उलटले असे आम्ही समजतो. आणि विष म्हणणाऱ्यांपर्यंत तर ते पोचलेच नाही. तो कायदासुद्धा पुस्तक समग्र पाहून ठरवावे असे म्हणतो; आमचे पालक मुखपृष्ठावर निकाल देतात!

अंधश्रद्धेचा मुद्दा थोडक्यात आटोपू. महाराष्ट्राने २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, जादूटोणाविरोधी कायदा केला, आणि तो योग्यच केला. परंतु मांत्रिक आपणाजवळ विश्वास मागतो, आणि विश्वासाच्या पाठोपाठ पैसा. कथाकार दोन घटकांपुरता मागतो, आणि पुस्तक मिटताच परत करतो.

राहिला प्रश्न आमच्या मराठी टीकाकारांचा, आणि येथे आमचा राग अधिक आहे. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी आयुष्यभर भयकथा लिहिल्या. स्टीफन किंग यांच्या १९७५ च्या पिशाच-कादंबरीचा आधार घेऊन त्यांनी 'लुचाई' लिहिली, तेव्हा रक्तपिपासू पिशाच मराठी घरांतही येऊन बसले. वाचनालयांत त्यांच्या पुस्तकांची पाने हाताळून मऊ झाली, परंतु मान्यवर समीक्षेने त्यांस पंक्तीला घेतले नाही. त्यांचे कोणते पुस्तक अस्सल, कोणते उसने, कोणते उसने असूनही आपले झाले, हे कोणी नीट सांगितले नाही, कारण वाचावयाचेच नाही असे आधी ठरले होते. मग २०१८ साली त्यांच्या कथेची प्रेरणा घेतलेला 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट आला. त्यातील हस्तर म्हणजे मूर्तिमंत लोभ. २०२४ साली तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षाही अधिक चालला. आणि आमची सुशिक्षित मंडळी एकमेकांस सांगू लागली, हे मूळचे आपल्या धारपांचे बरे का! हा अभिमान चाळीस वर्षे आधी एखाद्या मासिकात चार पानांच्या परीक्षणाच्या रूपाने प्रकट झाला असता तर धारपांसही उपयोगी पडला असता. मराठीत स्वतंत्र पिशाच-चित्रकादंबरी उद्या कोणी काढली तर तिचेही हेच व्हावयाचे, अशी चिन्हे आहेत. गोदाकाठच्या एखाद्या तरुण चित्रकाराने वेताळास आजच्या गावात आणावयाचे मनात घेतले, तर त्यास चूक काय आणि बरोबर काय हे सांगणारा वाचक कोठे आहे?

एक गोष्ट आम्ही मान्य करतो. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती 'तीस दिवसांची रात्र' देऊ नये. तिचा मधला भाग त्याच्यासाठी नाही, आणि शेवटच्या पानाचे दुःख त्यास कळावयाचे नाही. सोळासतरा वर्षांच्या मुलाची गोष्ट निराळी. त्याच्या आईवडिलांनी ते पुस्तक आधी स्वतः एका बैठकीत वाचावे, तास दीड तास पुरेल, मग त्यास द्यावे. आणि एबेन सूर्याची वाट पाहत बसला तेव्हा पळून का गेला नाही, एवढे त्यास विचारावे.