शिक्षेचा अधिकार कोणाकडे?

इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म यांची तुलना निघाली की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. येशूने वैऱ्यावरही प्रेम करायला शिकवले, मुहंमद पैगंबरांनी लढाया केल्या. येशूने ‘कैसराचे ते कैसराला, देवाचे ते देवाला द्या’ असे सांगून राज्य आणि धर्म यांची फारकत केली, कुराणाने दोन्हींची गाठ मारली. म्हणून युरोपात स्वातंत्र्य आले, आणि मुस्लिम देशांत ते येणे शक्य नाही. हा युक्तिवाद करणारे सगळेच द्वेषाने करतात असे नाही. त्यात तथ्याचा अंशही आहे. म्हणूनच तो झटकून न टाकता तपासायला हवा.

आधी तथ्य पाहू. नवा करार लिहिला गेला तेव्हा ख्रिस्ती मंडळ्यांकडे ना फौज होती ना खजिना. रोमन सत्तेखाली जीव मुठीत धरून राहणाऱ्यांना युद्धाचे नियम लिहिण्याचे कारणच नव्हते. कुराणाचा मदिनेतला भाग मात्र नगर चालवणाऱ्या समाजाला उद्देशून आहे. तह, युद्धलूट, वारसा, साक्षीपुरावा हे सारे त्यात येते. नवव्या सूरहची पाचवी आणि एकोणतिसावी आयत लढण्याची आणि जिझिया घेण्याची आज्ञा देते, हे कोणी लपवू नये. पाचव्या आयतीचा संदर्भ करार मोडणाऱ्या टोळ्यांचा आहे हे खरे. पुढच्या शतकांतल्या धर्मशास्त्र्यांनी तिचा अर्थ त्या टोळ्यांपुरता ठेवला नाही, हेही तितकेच खरे.

पण ख्रिस्ती धर्मग्रंथ म्हणजे फक्त डोंगरावरील प्रवचन नव्हे. यरीहो पडल्यावर तिथली बायकामुले आणि गुरेढोरेसुद्धा तलवारीखाली गेली, असे यहोशवाच्या पुस्तकात आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात अमालेकी लोकांचा तान्ह्या बाळांसकट संहार करण्याची आज्ञा येते. शौल राजा त्यांच्या राजाला आणि चांगल्या गुरांना जिवंत ठेवतो, तर या अवज्ञेपायी त्याच्यावरची ईश्वराची मर्जी जाते. हा जुना करार चर्चने कधी टाकून दिला नाही. राजांचा अभिषेक करताना आणि पाखंड्यांना शिक्षा देताना त्यातलेच दाखले काढले.

नव्या करारालाही राबवून घेता आले. लूकच्या शुभवर्तमानात मेजवानीचा दृष्टांत आहे. घर भरावे म्हणून यजमान चाकराला वाटेवरच्या लोकांना आग्रहाने आत आणायला सांगतो. सुरुवातीला धर्मातील सक्तीच्या विरोधात असलेल्या संत ऑगस्टिनने पाचव्या शतकाच्या आरंभी याच दृष्टांताचा आधार घेऊन उत्तर आफ्रिकेतल्या डोनाटिस्ट या फुटीर ख्रिस्ती पंथीयांवर सरकारी बळ वापरण्याचे समर्थन केले. दृष्टांत जेवणाचा होता. बदलली होती ती सत्ता: ३८० साली ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्याचा राजधर्म झाला होता.

मराठी वाचकाला याचा पुरावा घराजवळ सापडतो. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे मराठी ओवीबद्ध काव्य १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. ओवीचा इतका लळा लागलेला परदेशी माणूस विरळा. त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते. बाटवलेल्या कुटुंबात जुने सणवार चोरून पाळले जातात का, याची ते चौकशी करी. मधला थोडा खंड वगळता ते १८१२ पर्यंत चालले. ओव्यांमागे आणि चौकशीमागे ग्रंथ एकच होता.

मग युरोपात स्वातंत्र्य आले कुठून? १५५३ साली धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या जिनिव्हात मायकेल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याला त्रैक्याचा सिद्धांत नाकारल्याबद्दल जिवंत जाळले. त्याविरुद्ध सेबास्टियन कॅस्टेलियो हा श्रद्धाळू ख्रिस्ती विद्वान उभा राहिला. मतासाठी माणूस मारण्याचा अधिकार कोणालाच नाही, हे त्याचे म्हणणे. पुढे कॅथलिक-प्रॉटेस्टंट युद्धांनी युरोप उजाड केला, तेव्हा कुठे हे म्हणणे थोडेफार ऐकू येऊ लागले. सहिष्णुतेवर लिहिणाऱ्या जॉन लॉकनेही १६८९ साली नास्तिकांना बाहेरच ठेवले. व्हर्जिनियाचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा १७८६ चा. पोप नववे पायस यांनी १८६४ मध्ये असे स्वातंत्र्य चुकांच्या यादीत टाकले, आणि कॅथलिक चर्चने ते अधिकृतपणे मान्य केले १९६५ मध्ये. कैसराचे वचन एवढी सगळी शतके ग्रंथात होतेच.

आता दुसऱ्या बाजूचा दावा. धर्मात सक्ती नाही असे दुसऱ्या सूरहमध्ये आहे, मग वाद कसला, असे म्हणून अनेक मुस्लिम विचारवंत विषय संपवतात. तो संपत नाही. धर्मत्याग्याला मारावे असे कुराण सांगत नाही. पण हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींच्या, आधारावर पारंपरिक फिक्हने (इस्लामी विधिशास्त्राने) ती शिक्षा ठरवली, आणि तिने माणसे मेली.

सुदानचे महमूद मुहंमद ताहा हे त्यांपैकी एक. पेशाने अभियंता, वृत्तीने सूफी. मक्केतल्या आयती समता आणि स्वातंत्र्य सांगतात, तो इस्लामचा कायमचा संदेश. मदिनेतले कायदे त्या काळापुरते, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे अवघड आयती त्यांनी झाकल्या नाहीत, त्यांना इतिहासात जागा दिली. नुमेरी या लष्करशहाने १९८३ मध्ये शरियतचे कायदे लादले. ते मागे घ्या, असे पत्रक ताहांनी काढले. १८ जानेवारी १९८५ ला खार्टूमच्या तुरुंगात या वृद्ध माणसाला फाशी दिले गेले. तेव्हाच्या सुदानी दंडसंहितेत धर्मत्याग हा गुन्हाच नव्हता. अपील न्यायालयाने तो मागाहून जोडला. ही फाशी हुकूमशहाला हवी होती, धर्माचा आधार नंतर शोधला गेला.

याउलट सेनेगल. लोकसंख्येत मुसलमान नव्वद टक्क्यांहून अधिक, राज्यघटना धर्मनिरपेक्ष, आणि १९६० ते १९८० अशी वीस वर्षे राष्ट्राध्यक्ष होते लिओपोल्ड सेंघोर हे कॅथलिक कवी. कुराण खार्टूममध्ये एक आणि डाकारमध्ये दुसरे, असे नव्हते.

म्हणून ग्रंथांची तुलना जरूर करावी, दोन्हींतली कठोर पाने उघडून करावी. पण स्वातंत्र्याचा निकाल तिथे लागत नाही. श्रद्धा सोडण्याबद्दल, बदलण्याबद्दल किंवा तिच्यावर टीका करण्याबद्दल शिक्षा देण्याचा अधिकार राज्याकडे आहे की नाही, इथे तो लागतो. हा अधिकार आतल्या माणसांनीच आव्हान देऊन काढून घ्यावा लागतो. समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये तोंडी तलाकविरोधात सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तेव्हा ते असेच आतून आव्हान देत होते: समाजाचा कायदा समाजातल्या बायकांसमोर जबाबदार धरत होते.

इंग्लंडमध्ये ईशनिंदेचा जुना गुन्हा २००८ साली रद्द झाला. सुदानने ताहांच्या फाशीनंतर कायद्यात आलेली धर्मत्यागाची देहदंडाची शिक्षा २०२० मध्ये काढली. पाकिस्तानात जनरल झिया उल हक यांच्या राजवटीत १९८६ साली आलेले पैगंबरांच्या निंदेबद्दलचे २९५-सी हे कलम मात्र अजून कायम आहे. त्याखाली फाशी सुनावलेल्या आसिया बीबी या ख्रिस्ती महिलेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निर्दोष सोडले, आणि त्या निकालपत्रात न्यायाधीशांनी कुराणाचेच दाखले दिले. तिची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना मात्र त्यांच्याच अंगरक्षकाने २०११ मध्ये गोळ्या घातल्या होत्या. ते कलम जाईपर्यंत पुढच्या आरोपीचा जीव समोर कोणता न्यायाधीश बसतो यावरच अवलंबून राहणार आहे.