प्रघात, प्रसंग आणि शुद्धलेखन

समर्थस्थापित अकरा मारुतींच्या यादीत ज्या गावाचे नाव ‘शिराळे’ असे नपुंसकलिंगी येते, तेच गाव सरकारी दप्तरात ‘शिराळा’ म्हणून पुल्लिंगी नांदते. आणि प्रत्यय लागताच दोन्ही रूपे ‘शिराळ्याला’, ‘शिराळ्याची नागपंचमी’ अशी एकमेकांत विरून जात असल्यामुळे, यांतले खरे लिंग कोणते, हा प्रश्न गावकऱ्याला कधी अडवीत नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास सेक्स्टस एम्पिरिकस या ग्रीक संशयवाद्याने वैयाकरणांविरुद्ध जो प्रबंध लिहिला, त्यातील एक हरकत हीच होती. एकच शब्द एका मुलखात पुल्लिंगी आणि दुसऱ्यात स्त्रीलिंगी चालत असेल, तर लिंग निसर्गतःच ठरलेले आहे असे वैयाकरणाने कोणत्या आधारावर म्हणावे? भाषेचा प्रघात हे गावचे चलनी नाणे. ते टाकून स्वतःची टांकसाळ घालणारा त्याच्या लेखी वेडाच.

या युक्तिवादाचे बोट धरून, लोक बोलतात तसेच लिहावे आणि १९६२ साली शासनाने मान्य केलेले मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मोडीत काढावेत, असे जे कोणी म्हणतात, त्यांनी सेक्स्टस अर्धाच वाचला आहे. अक्षरओळख करून देणारी, लिहावयास-वाचावयास शिकविणारी विद्या त्याने आपल्या हल्ल्यातून आरंभीच वगळली, इतकेच नव्हे तर तिची उपयुक्तता मुक्तकंठाने मान्य केली. शिवाय प्रघात एकच नसतो, हेही तोच सांगतो: भाकरी ठेवण्याच्या टोपलीला सुशिक्षितांत एक शब्द वापरावा, नोकरांशी बोलताना त्यांचा. आपल्याकडेही घरात ‘बुट्टी’ म्हणणारा मनुष्य पुण्याच्या वाचकासाठी ‘टोपली’ लिहितो, यात लबाडी नाही, औचित्य आहे. सबंध महाराष्ट्राने वाचावयाचा मजकूर हाही एक प्रसंगच आहे, आणि त्या प्रसंगाचे नाणे म्हणजे ते नियम. शिराळ्याच्या मुलाचा अर्ज चांद्यापर्यंत विनातक्रार वाचला जावा, एवढ्यासाठी ते हवेत; आणि मला ते मनापासून हवे आहेत.

परंतु हा लेखनापुरता करार आहे, उच्चाराची झडती घेण्याचे फर्मान नव्हे. एका शाळेत मी स्वतः पाहिले आहे की, ‘गुरुजी, पानी आलं’ असे धावत सांगणाऱ्या पोराला ‘पाणी’ हा शब्द दहादा म्हणावयास लावले गेले, आणि त्या दहा वेळांत त्याचा चेहरा उतरत उतरत शेवटी आवाजच बसला. त्याचे वाक्य तर पहिल्याच उच्चाराला साऱ्या वर्गाला कळले होते. आपल्या आईची बोली अशुद्ध आहे, हे त्या दिवशी तो शिकला, आणि असे शिकविण्याचा अधिकार दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली व्याकरण छापले तेव्हापासून आजतागायत कोणत्याही नियमाने कोणालाही दिलेला नाही. त्याच्या पाटीवरचा ‘न’ पुसून तिथे ‘ण’ अवश्य काढून द्यावा, त्याचे कारणही सांगावे. तोंडातला मात्र जसा आहे तसा राहू द्यावा.