आधी पोटोबा?

आम्ही खानदेशी माणसे आपल्या मुलखाचे कौतुक सांगू लागलो, की केळी, कापूस आणि वांग्याचे भरीत यांच्यानंतर पाटण्याची पाळी येते. चाळीसगावाजवळचे हे गाव. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद असलेला यादवकालीन शिलालेख येथलाच. परंतु या पंडितांच्या कितीतरी आधीची काही बिऱ्हाडे येथे ओढ्याकाठच्या मातीत दडून बसली होती.

१९७२-७३ साली पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तेथे उत्खनन केले. मातीचे थर उलगडत गेले, तशी दगडाची धारदार पाती निघाली आणि निघाले शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे. होय, शहामृगाच्या! हा पक्षी एके काळी आपल्याकडे नांदत होता. भारतात मिळालेल्या कवचांतील डीएनएनेही २०१७ साली तशी साक्ष दिली. पाटण्याच्या कवचाचे वय कार्बनपद्धतीने सुमारे २५,००० वर्षे ठरले.

या लोकांना ना शेती ठाऊक, ना मडके. शिकार साधेल त्या दिवशी दिवाळी, एरवी कंदमुळे. तरी त्यांतल्या कोणीतरी कवचाच्या चिमुकल्या तुकड्याला नेटाने भोक पाडले, कडा घासून गोल केल्या आणि मणी घडवला. एका तुकड्यावर तर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरली. पोट भरल्यावर सुचलेला हा उद्योग म्हणावा, तर उद्याच्या घासाची शाश्वती कोणाला होती?

पाटण्याला हे दगड फोडणारे पूर्वज जमिनीतून वर येत होते, त्याच सुमारास महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर माणसे पोटासाठी खडी फोडत होती. माझी आजी त्यांतलीच. पहिला पगार हाती पडला, तेव्हा तिने ज्वारीबरोबर काचेच्या हिरव्या बांगड्याही भरल्या. आजोबा भडकले. घरात खाणारी सहा तोंडे! आजी म्हणाली, "भुंड्या हातांनी खडी फुटत नाही."

वाचकहो, 'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण मी वर्गात अनेकदा समजावून दिली आहे. ती खोटी नव्हे. भूक कोणाला सुटली आहे? पण गरिबाने हौसेला चार आणे खर्चले, की आपण तीच म्हण त्याच्या तोंडावर फेकतो. तेव्हा पाटण्याचा तो मणी जरूर आठवावा. धान्याचे पहिले कणगे भरण्याच्या हजारो वर्षे आधी तो कोणाच्या तरी गळ्यात होता.