इंडिया पेल एल : एक लाडकी दंतकथा आणि चाळीस निपचित बाटल्या

१/ मालाड पश्चिमेच्या एका बिअरगृहातील मेन्यूकार्डावर छापले आहे : भारताच्या प्रवासात बिअर नासत असे, म्हणून इंग्रजांनी तीत मद्यार्क वाढवला आणि ‘इंडिया पेल एल’ जन्मली. इतिहासाच्या नावाने खपणारी ही कथा असत्य आहे. माझ्या मँचेस्टरच्या मावसभावाच्या चाळीस बाटल्या हिच्यापायीच बिघडल्या. (तिकडे १९६३ पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही. आपल्याकडे १९४९ च्या मद्यनिषेध कायद्याखाली तो गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कोणी मोरीत पिंप मांडू नये.)

२/ लंडनच्या पूर्वेस बो येथे हॉजसनची भट्टी होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचा तळ जवळच होता. कप्तानांना स्वतःचा माल नेण्याची मुभा असे आणि हॉजसन त्यांना १२ ते १८ महिन्यांची उधारी देई. त्याने नवी बिअर शोधली नाही, गिऱ्हाईक शोधले! वर्ष-दोन वर्षे तळघरात मुरवलेली ‘ऑक्टोबर बिअर’ इंग्लंडच्या जमीनदार घरांत आधीपासूनच होती. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव तर १८२९ मध्ये सिडनीच्या वर्तमानपत्रात छापलेले आढळते.

३/ आणि मद्यार्क? सुमारे सहा-साडेसहा टक्के. त्या काळच्या इंग्लंडात ही काही विशेष मात्रा नव्हे. शिवाय याच जहाजांतून काळी पोर्टर बिअरही मोठ्या प्रमाणात येत होती आणि सुखरूप पोहोचत होती. ती गोऱ्या शिपायांची. बंगल्यातल्या साहेबाची पेल एल दंतकथेत गेली, बराकीतली पोर्टर विस्मरणात. आपण मेन्यूकार्डाला मान डोलावतो, तेव्हा साहेबाचीच आठवण इतिहास म्हणून स्वीकारतो.

४/ ‘पण हॉप्स तर जास्त घालत होते ना?’ होय, घालत होते. उष्ण प्रदेशात जाणाऱ्या बिअरला हॉप्स अधिक लागतात, हे ठाऊक होते. परंतु हॉप्स वाढवणे वेगळे आणि मद्यार्क वाढवणे वेगळे. दंतकथा दोहोंची सरमिसळ करते.

५/ खरी करामत काळाची आणि किण्वाची. पिंपे फुटू नयेत म्हणून रवानगीपूर्वी बिअरमधील साखर जवळजवळ संपू देत. मग केपला वळसा घालून चार-सहा महिने, विषुववृत्त दोनदा ओलांडून, ती हेलकावत येई. लाकडात दडलेले एक रानटी किण्व उरलेल्या जड शर्करा संथपणे पचवीत राही. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्या क्लाउसेनने इंग्लिश बिअरमधून ते वेगळे केले आणि नाव दिले ब्रेटानोमायसिस, म्हणजे ब्रिटिश बुरशी. बाटलीत भरल्यावरही त्याचे काम चालू राही. फेस येई तो त्यातून.

६/ आता मावसभाऊ. ‘जास्त मद्यार्क म्हणजे टिकाऊ’ या श्रद्धेने त्याने ११ टक्क्यांची बिअर केली, आठ महिने मुरवली, साखर घालून बाटल्या भरल्या. महिन्याने बूच काढले, तर आवाजच नाही. गोड, निपचित पाणी. मद्यार्क हा किण्वाचा शत्रूच. इतक्या तीव्र द्रवात ते थकते आणि आठ महिन्यांत तळाशी बसते. मग त्या साखरेचा वायू करणार कोण? ‘आणखी साखर घालू का?’ असे त्याने विचारले. मुळीच नको. किण्व उशिरा जागे झाले तर बाटली फुटेल.

७/ त्याला सांगितले ते असे. बाटल्या भरण्यापूर्वी घनतामापकाने आंबणे खरेच थांबले आहे का ते पाहावे. मग तीव्र मद्यार्क सोसणारे ताजे किण्व चिमूटभर घालावे, आणि लिटरमागे सुमारे ६ ग्रॅम साखर, तोलून. बाटल्या महिना-दोन महिने २० ते २५ अंशांत ठेवाव्यात, त्यानंतर थंड अंधारात. ओतताना हवा मिसळू देऊ नये, नाहीतर मुरता मुरता ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. भरलेल्या चाळीस बाटल्यांत साखर आधीच आहे. तेथे फक्त किण्व, आणि तेही आधी एकाच बाटलीत.

८/ ती एक बाटली त्याने जाड खोक्यात ठेवली आहे. दिवाळीला व्हिडिओ कॉलवर उघडणार आहे. मेन्यूकार्डाचा फोटो मी त्याला आधीच पाठवला आहे.